छंद पेन घडविण्याचा



'छंद' हा शब्द आपल्या वस्तीत चांगल्या अर्थाने क्वचितच कानावर येतो. 'त्याला छंद लागलाय' असे कुणी म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बाटली तरी येते, नाही तर मटक्याचा आकडा तरी. छंदी-फंदी माणूस म्हणजे घर बुडविणारा माणूस, हे आपल्या आयाबहिणींनी भोगलेले आहे. टपाल तिकिटे जमविणे, चित्रे काढणे, लाकडाच्या वस्तू करणे हे छंद पोटभर खाऊन ज्यांचा वेळ उरतो त्यांचे, अशी आपली समजूत. आमचीही तशीच होती. गेल्या वर्षभरात ती बदलली. कशी बदलली, हे सांगावे म्हणून या वेळचा मजकूर. विषय आहे लेथवर हाताने पेन घडविण्याचा.

आमच्या वसाहतीत एक गृहस्थ आहेत. लहानथोर सगळे त्यांना टर्नरमामा म्हणतात. आयटीआयमध्ये टर्नरचा कोर्स केलेला आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात 22 वर्षे लेथवर काढलेली. 1962 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वागळे इस्टेट ही पहिली औद्योगिक वसाहत. आपल्या कितीतरी घरांच्या चुली या इस्टेटीवर पेटल्या, कितीतरी मुले तिच्या पगारावर शिकली. पुढे एकेक कारखाना बंद होत गेला आणि शेडच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. मामांचा कारखाना 2004 साली बंद पडला. हाती आलेले पैसे दोन मुलींच्या लग्नांत आणि घराच्या छपरात गेले. मामा एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसू लागले. शतांश मिलिमीटर मोजणारा हात आता येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहू लागला.

मग संध्याकाळचे पिणे सुरू झाले. सकाळी वंदनेत पाचवे शील म्हणायचे आणि रात्री ते मोडायचे, असे कित्येक वर्षे चालले. आम्ही कार्यकर्ते मंडळी त्यांना समजवायला तीन-चारदा गेलो. बुद्धाचे दाखले दिले, बाबासाहेबांचे दाखले दिले. मामा मान खाली घालून ऐकून घेत. आमच्या भाषणांचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही, हे आम्ही इथे कबूल करतो.

परिणाम झाला तो नातवाच्या मोबाइलचा. नातू दहावीत. त्याने एके दिवशी आजोबांना एक चित्रफीत दाखविली. परदेशातला कुणी म्हातारा आपल्या घराच्या मागच्या खोलीत लहानशा लेथवर लाकडाचे पेन करीत होता. मामांनी ती दोनदा पाहिली आणि म्हणाले, "टूल जरा खाली धरलंय त्यानं." नातवाला नवल वाटले. कारखाना सुटल्यापासून आजोबांच्या तोंडून कामाचा शब्द घरात कुणी ऐकला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो पोरगा आमच्याकडे आला. "काका, आजोबांना एक लहान लेथ कुठं मिळेल का हो?"

आम्ही व्यवसायाने कारकून. शिक्षण बी.कॉम. विहाराच्या कमिटीचा हिशेब गेली बारा वर्षे आमच्याकडे आहे. म्हणून हा प्रश्न प्रथम हिशेबाचा म्हणूनच आमच्यासमोर आला. एकट्या मामांना लेथ परवडणे शक्य नव्हते. तेव्हा आठ घरांनी मिळून घ्यायचे ठरले. समाजमंदिराच्या मागची खोली, जिथे जयंतीचे मंडपाचे सामान आणि मोडक्या खुर्च्या पडलेल्या असतात, ती साफ केली. कमिटीत एका सभासदाने विचारले, "समाजमंदिरात मशीन कशाला?" त्यावर आमच्या एका वयोवृद्ध उपासिकेने उत्तर दिले, "मोडक्या खुर्च्या चालतात तर मशीन का नाही चालणार?" विषय तिथेच मिटला.

हिशेब असा झाला. लाकूडकामाचे जुने लहान लेथ 9,500 रुपये. मोटारीची दुरुस्ती आणि नवा पट्टा 1,800. तीन हत्यारे 2,200. मँड्रेल, बुश आणि ड्रिल 1,700. डोळ्यांचे चष्मे, मास्क आणि पॉलिश पेपर 800. एकूण 16,000. आठ घरांनी प्रत्येकी 2,000 रुपये दिले, तेही चार हप्त्यांत. कुणीही कर्ज काढले नाही, आणि जयंतीच्या वर्गणीला हात लावला नाही.

पहिल्या रविवारी मामांची थोडी फजिती झाली. लोखंडाच्या लेथवर टूल पोस्टमध्ये पक्के आवळलेले असते आणि हँडल फिरवून ते पुढे-मागे न्यायचे असते. लाकडाच्या लेथवर तसे नाही. तिथे हत्यार माणसाच्या हातात असते, फक्त समोरच्या आडव्या पट्टीवर ते टेकवायचे. मामांचे हत्यार लाकडात रुतले आणि तुकडा उडून भिंतीवर आदळला. मामा हसले. "बावीस वर्षं टूल पोस्टमध्ये बसायचं. इथं माझाच हात पोस्ट झालाय," असे म्हणून त्यांनी दुसरा तुकडा लावला. साठी ओलांडलेला माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. महिनाभरात त्यांचा हात असा बसला की लाकडाची साल कागदाच्या पट्टीसारखी सलग निघू लागली.

आता पेन कसे करतात ते थोडक्यात सांगतो. वाचकांपैकी अनेकांच्या घरी टर्नर, फिटर, सुतार आहेत, त्यांना ते लगेच समजेल.

पाऊण इंच जाडीचा, चौकोनी आणि पूर्ण वाळलेला लाकडाचा तुकडा घ्यायचा. सागवान, शिसम, बाभूळ, चिंच, काहीही चालते. नवे लाकूड विकत घेण्याची गरज नाही. मोडक्या खाटेचा खूर, जुन्या चौकटीचा तुकडा, झिजलेले लाटणे यांतून पेन निघते. साधे पिळाचे बॉलपेन करायचे तर त्याचे दोन तुकडे करायचे, एक वरच्या भागाचा आणि एक खालच्या भागाचा. प्रत्येकाच्या मधोमध 7 मिलिमीटरचे आरपार भोक पाडायचे. त्या भोकात पितळेची बारीक नळी चिकटवायची. नळी आधी पॉलिश पेपरवर घासून खरखरीत केली नाही, तर ती पुढे निसटते. चिकटविण्याचे पक्के वाळले की दोन्ही टोके नळीशी काटकोनात सपाट करायची.

मग हे दोन्ही तुकडे मँड्रेल नावाच्या सळईवर बसवायचे. त्यांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी बुश येतात. पेन शेवटी किती जाडीचे हवे हे बुशच सांगतो. लाकूड बुशच्या बरोबरीला आले की थांबायचे. बुशच्या खाली गेलात तर पेनाच्या धातूच्या भागाशी लाकूड जुळत नाही, आणि कापलेले लाकूड परत चिकटत नाही. त्यानंतर पॉलिश पेपर, 150 नंबरपासून 600 पर्यंत. प्रत्येक नंबर बदलताना मशीन बंद करून लाकडाच्या रेषेच्या दिशेने एकदा हाताने घासायचे, म्हणजे गोल ओरखडे राहत नाहीत. शेवटी लाखेचे पॉलिश नाही तर मेण. मग टोक, पिळाचा भाग, क्लिप हे सगळे दाबून बसवायचे. पिळाचा भाग जास्त आत दाबला गेला तर रिफिल कायमची बाहेर राहते. आमच्या गटाची पहिली दोन पेने अशीच जीभ बाहेर काढून बसलेली आहेत. ती आम्ही टाकली नाहीत, खोलीत टांगून ठेवली आहेत.

हे झाले तयार सुट्या भागांचे पेन. खरे कसब फाउंटन पेनाचे. त्याचे नळकांडे बहुधा एबोनाइटचे असते. रबरात भरपूर गंधक मिसळून ते बराच वेळ तापविले की लाकडासारखा कडक काळा पदार्थ होतो, तो एबोनाइट. लेथवर धरला की गंधकाचा वास सुटतो. त्याचे आटे, त्याचे टोपण, सगळे लेथवरच करायचे. शाई ड्रॉपरने थेट नळकांड्यात भरायची. आपल्या देशात हे काम जुने आहे. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी 1932 साली अशी पेने करण्यास सुरुवात केली. स्वदेशी पेन असावे ही त्यामागे गांधींची इच्छा होती, आणि 1935 साली पेन मिळाल्याचे पत्रही गांधींनी त्यांना लिहिले. गंमत अशी, की यंत्रांविषयी नाराज असणाऱ्या गांधींचे हे स्वदेशी पेन चरख्यावर नव्हे, लेथवर तयार झाले होते! तमिळनाडूत तिरुवळ्ळूर येथेही हाताने एबोनाइटची पेने करणारे कारागीर आजही आहेत. आमची मजल अजून तिथवर गेलेली नाही. मामा मात्र आट्यांचा विचार करू लागले आहेत.

आता आमची स्वतःची गोष्ट. आमच्या घरी आजीच्या जात्याचा खुंटा होता. जाते गावाकडेच राहिले. आई ठाण्याला आली तेव्हा खुंटा तेवढा गाठोड्यात बांधून घेऊन आली. बाभळीचा, वीतभर लांब, आणि मधोमध हाताने झिजून गुळगुळीत झालेला. पहाटे उठून, तो धरून आजीने किती पायली दळले असेल त्याचा हिशेब कुठल्याही बी.कॉम.वाल्याला करता यायचा नाही. त्याच खुंट्याला धरून आपल्या बायाबापड्यांनी बाबासाहेबांवरच्या ओव्या गायिल्या, हे आपण सर्व जाणतोच. आजीला अक्षर येत नव्हते. तिच्या खुंट्याचे पेन करावे, असे आमच्या मनात आले.

आईने साफ नकार दिला. नुसता नकार दिला नाही, तर आम्हाला चांगलेच सुनावले. "तुझ्या आज्यानं येसकरकी सोडली ती बाबासाहेबांच्या शब्दाखातर. तुझ्या बापानं हमाली केली, पण तुला हत्याराला हात लावू दिला नाही. लेखणी धर म्हणाला. आता ऑफिसात खुर्चीवर बसतोस, तर रविवारी मशिनीवर लाकूड तासत बसतोस. मग आमी कष्ट कशापायी केले?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाला आमच्याकडे लगेच उत्तर नव्हते. आणि हा एकट्या आमच्या आईचा प्रश्न नाही, आपल्या सबंध समाजाचा आहे. पिढ्यान् पिढ्या आपल्या हातांना काम नव्हे, तर राबणूक मिळाली. त्या राबणुकीतून सुटका म्हणून आपण शिक्षणाकडे गेलो. तेव्हा हातात हत्यार दिसले की आईच्या पोटात कालवते, हे स्वाभाविकच आहे.

पण आम्ही विचार करीत राहिलो. बाबासाहेबांनी 1936 सालच्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले, की जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे. तिच्यात माणसाची आवड, त्याची कुवत, त्याची निवड यांना जागाच नाही. जन्माने जे काम चिकटले तेच मरेपर्यंत करायचे. म्हणजे दोष कामात नव्हता, हाताने काही घडविण्यातही नव्हता. दोष लादण्यात होता. जे काम कुणी लादले नाही, जे आपण होऊन, शिकून, समजून घेऊन करतो, आणि नको वाटले तर उद्या सोडू शकतो, ते काम आणि येसकरकी एक कसे होईल?

दुसरी गोष्ट रिकाम्या वेळेची. 1945 साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू दि अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की माणसाला नुसते पोटासाठी राबावे लागले तर त्याच्यात आणि पशूत फरक उरत नाही. संस्कृतीसाठी, मनाच्या वाढीसाठी फुरसत लागते, आणि सामान्य माणसाला ती फुरसत यंत्रामुळेच मिळू शकते. हे नुसते लिहून ते थांबले नाहीत. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे मंत्री होते. 1946 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला, ते विधेयक त्यांनीच मांडले होते.

आठवड्याचे हे सहा तास कामगाराला कशासाठी मिळाले? टीव्हीपुढे लोळायला, की गुत्त्यावर बसायला? बाबासाहेबांचे स्वतःचे उदाहरण पाहा. ज्यांच्याइतके काम कुणाला नव्हते त्या माणसाने उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ग्रंथांसाठी त्यांनी 'राजगृह' बांधले. आणि चांगल्या फाउंटन पेनांची त्यांना किती आवड होती हे त्यांच्या सहवासातील लोकांनी सांगून ठेवले आहे. छंद ही श्रीमंतांची मिरास नाही. फुरसत हा आपला हक्क आहे, तो आपल्यासाठी झगडून मिळविलेला आहे. तो दारूवर उधळायचा की त्यातून काही घडवायचे, एवढेच आपल्या हाती आहे.

हे सगळे आम्ही आईला सांगितले. भाषणासारखेच सांगितले असावे, कारण तिने मध्येच थांबविले. "त्या मशिनीवर पोरीबी बसत्यात का?" तिने विचारले. "बसतात," आम्ही म्हणालो. त्या वेळी गटात तीन मुली होत्या, आज पाच आहेत. ती काही बोलली नाही. आठ दिवसांनी खुंटा आमच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "नीट कर."

नीट झाले नाही. जुनी बाभूळ, तिला बारीक चिरा गेलेल्या. मामांनी बजावले होते, "भाऊ, आधी चिरांत फेविक्विक सोडा, रात्रभर राहू द्या. आणि ड्रिल एकदम आत घालू नका. थोडं आत, परत बाहेर, भुसा काढायचा, परत आत. भुसा आत कोंबला की तापतं, आणि तापलं की फुटतं." आम्हाला घाई झाली होती. चिरा भरल्या, पण ड्रिल एका दमात आत लोटले. खुंट्याचा अर्धा भाग मधोमध उभा फुटला. आवाज फार मोठा झाला नाही, पण खोलीतली मुले गप्प झाली. शाळा-कॉलेजांतून प्रमाणपत्रे मिळविलेला, सभेत माइक धरणारा हा कारकून त्या दिवशी एका आयटीआय झालेल्या वॉचमनपुढे मान खाली घालून उभा होता. मामा रागावले नाहीत. "अर्धा आहे अजून," एवढेच म्हणाले, आणि उरलेला तुकडा स्वतः न करता आमच्याच हातात दिला.

दुसरा तुकडा आम्ही तीन रविवार केला. भोकाला एक रविवार, नळी आणि टोकांना दुसरा, तासायला तिसरा. घाई करायची नाही, मन दुसरीकडे जाऊ द्यायचे नाही. हत्यार कुठे टेकले आहे तेवढेच पाहायचे. धम्मात ज्याला स्मृती म्हणतात, सजगता म्हणतात, ती शिबिरात आम्हाला दहा दिवसांत जेवढी समजली नाही तेवढी त्या वीस मिनिटांत समजली. धम्मपदाच्या पंडितवग्गात स्वतःला वळण लावणाऱ्या शहाण्या माणसाला लाकूड घडविणाऱ्या सुताराचा दाखला का दिला आहे, हेही तेव्हा उमगले.

पेन तयार झाले ते असे : खालचा भाग, जिथे बोटे धरतात, तो आजीच्या खुंट्याचा. वरचा भाग एका जुन्या चौकटीच्या सागवानाचा. रंग जुळत नाही. आई प्रौढ साक्षरता वर्गात सही करायला शिकली आहे. तिने त्या पेनाने रेशनच्या जुन्या पावतीच्या पाठीवर सही केली. पेन फिरवून फिरवून पाहिले, आणि म्हणाली, "खुंट्याला दोघींचे हात लागायचे. हे एकीच्या हातात मावतंय." मग ते तिने आमच्या मुलीच्या दप्तरात ठेवले. आम्हाला दिले नाही!

आता ज्यांना हा छंद लावून घ्यावासा वाटेल त्यांच्यासाठी काही सूचना. त्या कृपा करून गंभीरपणे घ्याव्यात, कारण लेथ हे खेळणे नाही.

लेथवर हातमोजे घालायचे नाहीत, ते मशीनमध्ये ओढले जातात. सैल बाही, ओढणी, साडीचा पदर, गळ्यातील साखळी, अंगठी हे सर्व दूर ठेवावे. केस घट्ट बांधावेत. डोळ्यांवर चष्मा नसेल तर बटण दाबू नये. लाकडाचा बारीक भुसा फुप्फुसांना वाईट, शिसमाच्या भुशाने तर काहींच्या अंगाला खाज सुटते, तेव्हा मास्क लावावा. मशीन सुरू करण्यापूर्वी तुकडा हाताने एकदा फिरवून पाहावा, कुठे अडत नाही ना. चकची चावी चकमध्येच विसरू नये. पॉलिश पेपर लावण्यापूर्वी हत्यार टेकविण्याची पट्टी बाजूला घ्यावी. मुलांना एकटे सोडू नये.

पैशाची गोष्टही स्पष्ट सांगतो. पेने विकून संसार चालेल अशा भ्रमात कुणी राहू नये. एका पेनाला सुटे भाग दोनशे रुपयांच्या आसपास लागतात, वेळ तीन-चार तास जातो, आणि बाजारात दहा रुपयांना बॉलपेन मिळते. आमच्या गटाने वर्षभरात 41 पेने केली, त्यांतली नऊ बिघडली. सात विकली, त्यातून पुढचे सामान आले. बाकीची माणसांकडे गेली. हा छंद आहे, धंदा नाही. ज्याच्या घरी मुलांची फी थकली आहे त्याने आधी फी भरावी. आणि एकट्याने मशीन घेण्यापेक्षा चार-आठ घरांनी मिळून घ्यावे. आपल्या प्रत्येक विहाराच्या मागे मोडक्या खुर्च्यांची एक खोली असतेच.

आम्हाला एकाने विचारले, "बोधिवृक्षाच्या लाकडाचे पेन कराल का? लोक श्रद्धेने घेतील." आम्ही नाही म्हणालो. एक तर पिंपळाचे लाकूड मऊ, ते या कामाला बरे नाही. दुसरे म्हणजे, लाकूड पवित्र म्हणून पेन पवित्र, ही समजूत आपली नव्हे. पेनाची किंमत त्याने काय लिहिले यावर ठरते. संविधानाची मूळ इंग्रजी प्रत छापलेली नाही, ती प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी हाताने लिहिली. ते टाक कुठल्या लाकडाचे होते, हे कुणी विचारीत नाही.

अलीकडच्या वर्षांत महापरिनिर्वाणदिनी हार-फुले, मेणबत्त्या यांऐवजी 'एक वही, एक पेन' आणावे असे आवाहन केले जाते आणि समाज त्याला चांगला प्रतिसाद देतो. गेल्या 6 डिसेंबरला आमच्या गटाने वह्यांबरोबर स्वतः घडविलेली बारा पेने दिली. ती वस्तीतल्या दहावीच्या मुलामुलींना मिळाली. रिफिल संपली की ती बदलता येते, पेन फेकावे लागत नाही. एका मुलीने विचारले, "हे कुठल्या कंपनीचं?" टर्नरमामा तिथेच उभे होते. त्यांनी उत्तर दिले नाही, पण त्या दिवशी ते वॉचमनच्या गणवेशात नव्हते, पांढऱ्या स्वच्छ सदऱ्यात होते, हे आम्ही पाहिले.

मामांची दारू सुटली काय, असे वाचक विचारतील. सुटली असे आम्ही लिहिणार नाही, कारण ते खरे होणार नाही. अजून काही संध्याकाळी पाय घसरतो. पण रविवारी ते पिऊन आलेले नाहीत, वर्षभरात एकदाही नाही. खोलीच्या भिंतीवर खडूने एक नियम लिहिलेला आहे : 'प्यालेल्या माणसाने मशीनला हात लावू नये.' तो कमिटीने लिहिलेला नाही. अक्षर मामांचे आहे. अलीकडे शनिवारी संध्याकाळीही ते खोलीत येऊन हत्यारांना धार लावीत बसतात. आठवड्याचे दोन दिवस झाले. उरलेल्या पाचांचे पुढे पाहू.

आपल्या घरातही एखादा टर्नर, फिटर, विणकर, सुतार रिकामा बसलेला असेल. त्याला उपदेश करण्यापूर्वी त्याच्या हाताला काय येते ते एकदा विचारून पाहा. आणि आपल्या मुलामुलींना त्याच्याजवळ बसवा.

जयभीम! भवतु सब्ब मंगलं!